शांत घरासाठी गिटारचा विवर्धक

विद्युत गिटारचा जन्मच मुळी मोठ्या आवाजाच्या गरजेतून झाला. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नृत्यगृहांतून पितळी वाद्यांचे मोठमोठे ताफे वाजत असत आणि त्यांच्या गजरात लाकडी गिटारचा मृदू नाद पार बुडून जाई. १९३२ साली जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांच्या कंपनीने ॲल्युमिनियमची, तव्याला दांडा जोडावा तशी दिसणारी, मांडीवर आडवी ठेवून हवाईयन पद्धतीने वाजवण्याची एक गिटार विक्रीस आणली. तिच्या तारांपाशी चुंबक बसवलेले होते आणि तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे होते. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्रात बदल होऊन वेटोळ्यात अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होई. हा प्रवाह बलवान करून ध्वनिक्षेपकाकडे पाठवणाऱ्या यंत्रास विवर्धक म्हणतात; बाजारात त्याला सगळे जण ॲम्प्लिफायर किंवा नुसते 'ॲम्प' असेच म्हणतात.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांतील विवर्धकांचा इतिहास हा आवाज वाढवत नेण्याचा इतिहास आहे. १९४८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनी विद्यार्थ्यांसाठी जेमतेम पाच वॉटचा विवर्धक विकत होती. पुढच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये व्हॉक्सचे पंधरा आणि नंतर तीस वॉटचे विवर्धक आले. १९६५ मध्ये 'द हू' या वाद्यवृंदाच्या आग्रहावरून जिम मार्शल यांनी शंभर वॉटचा विवर्धक तयार केला. हजारो श्रोत्यांपुढे, मोकळ्या मैदानात, ढोलताशांशी स्पर्धा करीत वाजवणाऱ्या माणसाची सोय अशा रीतीने झाली. आपल्याला मात्र येथे अगदी उलट्या गरजेच्या माणसाचा विचार करावयाचा आहे. त्याला रोज तासभर सराव करावयाचा आहे. पण तो शेजाऱ्याला ऐकू जाता कामा नये.

बेंगळुरूचे शिवाजीनगर हे अशा माणसाचे नमुनेदार निवासस्थान होय. पुण्याच्या शिवाजीनगराशी त्याची गल्लत करू नये. १८०९ मध्ये इंग्रजांनी वसवलेल्या लष्करी छावणीचा हा भाग असून पूर्वी तो ब्लॅकपल्ली या नावाने ओळखला जाई. छावणी आणि जुने शहर यांचा कारभार १९४९ मध्ये एक झाला. शहाजीराजांना १६३८ नंतर बेंगळुरूची जहागीर मिळाली होती, हे मराठी वाचकास ठाऊक असतेच. या भागाचे आजचे नाव त्यांच्या पुत्राचे आहे. १९२७ चे रसेल मार्केट, १८८२ चे सेंट मेरीचे चर्च, बसस्थानक, जुन्या सुट्या भागांची दुकाने आणि त्या सर्वांमध्ये दाटीवाटीने उभी असलेली दोन-तीन मजली घरे असे येथील स्वरूप आहे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, एका घराची भिंत तीच दुसऱ्याची भिंत, गल्ली एवढी अरुंद की समोरच्या खिडकीतला माणूस न ओरडता बोलू शकतो. गिरगावातील चाळीत किंवा पुण्याच्या पेठेतील वाड्यात वाढलेल्या वाचकास हे चित्र परके वाटणार नाही. मात्र बेंगळुरूची एक गोष्ट वेगळी आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा बाराही महिने सौम्य असते आणि त्यामुळे घरांच्या खिडक्या वर्षभर उघड्या असतात. आवाजाच्या दृष्टीने पाहता उघडी खिडकी म्हणजे नसलेली भिंत. नऊ इंची विटांची गिलावा केलेली भिंत सुमारे पन्नास डेसिबेल इतका आवाज अडवते. पण तिच्यातील उघडी खिडकी हा सगळा फायदा पाण्यात घालते.

डेसिबेल हा शब्द आता आला आहे, तेव्हा त्याचा उलगडा केला पाहिजे, कारण विवर्धक निवडताना होणाऱ्या बहुतेक गैरसमजांचे मूळ तेथे आहे. आपला कान फार विलक्षण इंद्रिय आहे. अगदी क्षीण आवाज आणि वेदना होतील एवढा मोठा आवाज यांच्या तीव्रतेत एकास एक लक्ष कोटी इतके अंतर असते, आणि तरीही तो दोन्ही ऐकू शकतो. एवढ्या प्रचंड आकड्यांशी झुंजत बसण्यापेक्षा शास्त्रज्ञांनी गुणाकाराच्या पायऱ्या मोजण्याचे माप स्वीकारले. शक्ती दुप्पट झाली की आवाज तीन डेसिबेलने वाढतो. दसपट झाली की दहा डेसिबेलने. आणि आवाज दहा डेसिबेलने वाढला म्हणजे सर्वसाधारण कानाला तो अंदाजे दुप्पट मोठा वाटतो. म्हणून शंभर वॉटचा विवर्धक हा एक वॉटच्या विवर्धकापेक्षा शंभरपट मोठा वाजत नाही. त्यांच्यात वीस डेसिबेलचे अंतर पडते, आणि कानाला तो फक्त चौपट मोठा वाटतो.

ह्याच हिशेबाची दुसरी बाजू घरी वाजवणाऱ्यास अधिक महत्त्वाची आहे. गिटारसाठी बनवलेले बारा इंची ध्वनिक्षेपक अतिशय कार्यक्षम असतात. त्यांस एक वॉट शक्ती पुरवली असता एक मीटर अंतरावर ९७ ते १०० डेसिबेल इतका आवाज मिळतो. समोरासमोर बसून चाललेल्या साध्या संभाषणाचा आवाज साठ डेसिबेलच्या आसपास असतो. समजा, एखाद्या वादकाला खोलीत अडुसष्ट डेसिबेल पुरेसे आहेत आणि त्याचा ध्वनिक्षेपक अठ्ठ्याण्णव डेसिबेलचा आहे. तर त्याला तीस डेसिबेल कमी हवेत. तीस डेसिबेल म्हणजे दहाच्या तीन पायऱ्या. म्हणजेच एक वॉटचा हजारावा भाग. ज्याला रात्री सराव करावयाचा आहे त्याला एक मिलिवॉट पुरतो! दुकानदार जेव्हा 'घरासाठी पंधरा वॉटचा छोटा घ्या, वीसचा नको' असे सांगतो, तेव्हा तो सव्वा डेसिबेलच्या फरकाची गोष्ट करीत असतो, आणि एवढा फरक ध्यानात येण्यासही कान तयार असावा लागतो. जाहिरातींतील वॉटच्या आकड्यांवर तर मुळीच विसंबू नये. १९९० नंतरच्या काळात आपल्याकडे तळहाताएवढ्या ध्वनिक्षेपकांच्या संगीतयंत्रांवर हजारो वॉटचे आकडे छापलेले असत. ते क्षणिक कमाल शक्तीचे, आणि तेही कल्पनेने फुगवलेले असत.

तात्पर्य, घरासाठी विवर्धक घेताना तो किती मोठा वाजतो हा प्रश्न गौण आहे. जवळजवळ सर्वच विवर्धक गरजेपेक्षा मोठे वाजतात. तो किती लहान वाजतो, आणि लहान वाजताना कसा वाजतो, हे पाहावे लागते.

येथे कोणी शंका काढील की विद्युत गिटार विवर्धकाशिवायही थोडीशी ऐकू येतेच. मग रात्री तशीच का वाजवू नये? भरीव लाकडाच्या गिटारचा नाद शांत खोलीत वादकापुरता ऐकू येतो हे खरे. परंतु अशा सरावात एक हानी आहे. स्वतःला नीट ऐकू यावे म्हणून विद्यार्थी तारा अधिक जोराने छेडू लागतो आणि उजव्या हाताला ती सवय जडते. शिवाय विद्युत गिटार वाजवण्याच्या कलेचा निम्मा भाग म्हणजे न वाजवायच्या तारा गप्प ठेवणे. विवर्धक नसेल तर त्या तारांची कुजबुज ऐकूच येत नाही, आणि ऐकू न येणारी चूक दुरुस्त होत नाही. सतारीचा विद्यार्थी तरफांना विसरून शिकू शकत नाही. त्यातलाच हा प्रकार. साध्या, पोकळ लाकडी गिटारचे मात्र वेगळे आहे. तिला घरात विवर्धकाची गरजच नसते; उलट तीच जरा जास्त वाजते.

आता विवर्धकाच्या अंतरंगात डोकावू. गिटारच्या वेटोळ्यात केसासारख्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. त्यातून येणारा संदेश प्रथम पूर्वविवर्धकात जातो. तेथे त्याचे बळ वाढते आणि खर्ज, मध्य व तार स्वरांचे प्रमाण बटणांनी बदलता येते. नंतर तो शक्तिविवर्धकात जाऊन ध्वनिक्षेपक हलवण्याइतका समर्थ होतो. वेटोळ्याचा विद्युत्संरोध मोठा असल्याने विवर्धकाच्या प्रवेशापाशी सुमारे दहा लक्ष ओहमचा संरोध ठेवलेला असतो. घरातील संगीतयंत्राच्या प्रवेशापाशी तो बहुधा काही दहा हजार ओहमच असतो. म्हणून गिटार सरळ अशा यंत्रास जोडली असता ती वाजते खरी, पण तिची सारी चमक नाहीशी होऊन आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. दोष गिटारचा नसतो.

जुन्या पद्धतीच्या विवर्धकात निर्वात नलिका, म्हणजे रेडिओतील व्हॉल्व्ह, असत. या नलिकांचा बेंगळुरूशी निकटचा संबंध आहे. जालहळ्ळी येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने १९६१ मध्ये रेडिओच्या नलिकांचे आणि १९६२ मध्ये जर्मेनियमच्या अर्धवाहक भागांचे उत्पादन सुरू केले. त्या काळातील रेडिओंच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी छिद्रे असत, आणि गिटारची तार त्यांत खोचण्याचा मोह होण्यासारखाच होता. हा प्रयोग आज कोणी जुन्या बाजारातील रेडिओवर करू नये. त्यांतील कित्येक रेडिओंत रोहित्र नसे आणि सांगाडा थेट घरातील विजेला जोडलेला असे. गिटारच्या तारा वेटोळ्याच्या एका टोकाशी जोडलेल्या असतात. म्हणजे वादकाची बोटे आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

नलिकांचा विवर्धक क्षमतेच्या टोकापर्यंत रेटला की त्याचा आवाज फाटतो. पण तो मोठ्या गोड रीतीने फाटतो. मूळ स्वरात त्याच्या पटीतील नवे स्वर मिसळतात, स्वर लांबतो, त्याला धार येते. शास्त्राच्या भाषेत ही विकृती होय. १९५० नंतर गिटारवादकांनी या दोषालाच अलंकार केले. इंग्लंडमधील एका तरुण वादकाने तर १९६४ मध्ये ध्वनिक्षेपकाचा कागदी पडदा ब्लेडने चिरून हा परिणाम साधला होता. अडचण अशी की ही विकृती मिळवण्यासाठी विवर्धक पूर्ण आवाजात चालवावा लागतो. पाच वॉटचा विवर्धक पूर्ण चालवला तरी मीटरभर अंतरावर शंभर डेसिबेलच्या वर आवाज होतो. शिवाजीनगरच्या गल्लीत तो चार घरांना ऐकू जाईल.

यावर निरनिराळे तोडगे निघाले. पूर्वविवर्धकात विकृती निर्माण करून पुढे मुख्य बटणाने आवाज कमी करणे हा पहिला. तो उपयोगी आहे, पण त्याने शक्तिविवर्धकाची आणि ध्वनिक्षेपकाची विकृती मिळत नाही. दुसरा तोडगा म्हणजे विवर्धकाची शक्ती पाच वॉटवरून अर्ध्या वॉटवर आणणारे बटण. वरील हिशेब ध्यानात ठेवणाऱ्या वाचकाने हे ओळखलेच असेल की यामुळे आवाज फक्त दहा डेसिबेलने उतरतो, म्हणजे कानाला निम्मा होतो. भिंतीपलीकडच्या झोपलेल्या माणसाचे त्याने समाधान व्हावयाचे नाही. तिसरा तोडगा, विवर्धक आणि ध्वनिक्षेपक यांच्यामध्ये बसवून शक्तीचे उष्णतेत रूपांतर करणारी पेटी. ती चांगले काम करते, परंतु कधीकधी तिची किंमत विवर्धकाइतकी असते. नलिकांच्या विवर्धकाचा ध्वनिक्षेपक मात्र काढून टाकून तो कधीही चालवू नये; भार नसल्यास त्याचे निर्गमन रोहित्र जळण्याचा संभव असतो. माझे स्पष्ट मत असे आहे की शेजार असलेल्या घरात, पहिलाच विवर्धक घेणाऱ्याने, नलिकांच्या नादी लागू नये. नलिकांचे भक्त हे मान्य करणार नाहीत, आणि त्यांच्या कानांविषयी मला शंका नाही. पण त्यांचे शेजारी बहुधा दूर राहतात. आज या नलिका मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया येथील मोजक्या कारखान्यांत बनतात. त्या झिजतात, आणि बदलण्याचा खर्च अधूनमधून येतो, हेही विसरता येत नाही.

ट्रँझिस्टरचा विवर्धक हलका, स्वस्त आणि टिकाऊ असतो. त्याची स्वतःची विकृती कानाला खरखरीत लागते, म्हणून तो स्वच्छ नादासाठी अधिक शोभतो. १९७५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने काढलेला जाझ कोरस हा विवर्धक तर केवळ स्वच्छ नादासाठी जगभर मान्यता पावला. तिसरी जात संगणकीय विवर्धकांची. १९९० नंतरच्या दशकात यांचा प्रसार सुरू झाला. यात गिटारच्या संदेशाचे अंकांत रूपांतर होते आणि नलिका, बटणे, ध्वनिक्षेपक या सर्वांचे वर्तन गणिताने अनुकरले जाते. विकृती येथे शक्तीतून नव्हे तर हिशेबातून उत्पन्न होत असल्याने, फाटलेला आवाज कुजबुजीइतका हळू ऐकता येतो. घरासाठी हा गुण निर्णायक आहे. यामाहाच्या टीएचआर मालिकेने २०११ पासून अशा टेबलावर ठेवण्याजोग्या लहान विवर्धकांची एक वेगळी शाखाच सुरू केली, आणि नंतर अनेक कंपन्या त्या वाटेने गेल्या. या यंत्रांत शेकडो नादांची सोय असते. विद्यार्थी सरावाऐवजी नाद बदलण्यातच संध्याकाळ घालवतो, हा त्यांचा एकच मोठा दुर्गुण. चार-पाच नाद ठरवून बाकीच्यांकडे महिनाभर पाहू नये.

हळू वाजवण्यात आणखी एक अडथळा आहे आणि तो यंत्रात नसून कानात आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी असे दाखवले की आवाज जसजसा लहान होतो तसतसा कान खर्जाच्या बाबतीत अधिक बधिर होत जातो. शंभर डेसिबेलला भरदार वाटणारा स्वर साठ डेसिबेलला पातळ आणि पत्र्यासारखा भासतो. यंत्रात काहीच बदललेले नसते. अनेक खरेदीदार याच कारणाने चांगला विवर्धक घरी आणून दुसऱ्या दिवशी निराश होतात. दुकानात तो दणदणीत वाजला होता. घरी तोच कोरडा लागतो. उपाय साधा आहे: हळू वाजवताना खर्जाचे बटण थोडे वाढवावे. काही विवर्धकांत ही भरपाई आपोआप होते, आणि घरासाठी असलेल्यांत ती असणे चांगले.

ध्वनिक्षेपकाच्या आकाराविषयीही थोडे सांगितले पाहिजे. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता सेकंदास ८२ कंपने एवढी असते. तीन इंची ध्वनिक्षेपक एवढा खर्ज स्वर नीटपणे निर्माण करू शकत नाही. तरीही तो आपल्याला ऐकू येतो, याचे कारण मेंदू वरच्या पटीतील स्वरांवरून हरवलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. ही फसवणूक थोड्या वेळापुरती गोड असते. ज्याला रोज वाजवायचे आहे त्याने जागा असल्यास सहा किंवा आठ इंची ध्वनिक्षेपक घ्यावा. बारा इंचीचा हट्ट नको. त्याची पेटी मोठी, आणि त्याचा खर्ज जमिनीतून खालच्या बिऱ्हाडात उतरतो. उंच स्वर भिंतीने अडतात. खर्ज भिंतीतून जातो. शेजाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा 'धुमधुम'विषयी असते, सुरांविषयी नव्हे.

कायद्याचीही येथे नोंद घ्यावी. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी विभागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. व्यापारी विभागात ती अनुक्रमे ६५ आणि ५५ आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. २०१० च्या दुरुस्तीने खाजगी जागेतील ध्वनियंत्राचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबेलहून अधिक वाढता कामा नये, असेही ठरवले. शिवाजीनगरात दिवसा बसस्थानकाच्या गोंगाटात तुमची गिटार कोणाच्या गणतीतही येणार नाही. रात्री अकरा वाजता, रस्ता निवळल्यावर, तीच गिटार तेवढ्याच आवाजात समोरच्या घरी स्पष्ट ऐकू जाते. आवाज वाढलेला नसतो. त्याला झाकणारा आवाज गेलेला असतो. पहाटे कामावरून परतून दिवसा झोपणारी माणसेही या शहरात पुष्कळ आहेत, तेव्हा केवळ घड्याळ पाहून निश्चिंत होता येत नाही. शेजाऱ्याला एकदा विचारावे. त्यांच्या घरी बसून आपल्या भावाला किंवा बहिणीला गिटार वाजवावयास सांगावे आणि भिंतीपलीकडून स्वतः ऐकावे. कोणत्याही मापनयंत्रापेक्षा हा उपाय अधिक सांगून जातो.

रात्रीसाठी हेडफोन हेच खरे साधन. म्हणून ज्या विवर्धकास हेडफोनचे छिद्र नाही तो घेऊ नये. मात्र ते छिद्र कसे वाजते हे दुकानातच तपासावे. गिटारचा ध्वनिक्षेपक सेकंदास पाच हजार कंपनांच्या वरचे स्वर जवळपास गाळून टाकतो. हेडफोन गाळत नाही. त्यामुळे साध्या विवर्धकातून हेडफोनमध्ये फाटलेला आवाज मधमाश्यांच्या पोळ्यासारखा येतो. ध्वनिक्षेपकाचे अनुकरण करणारी गाळणी आत असल्यास हा दोष राहत नाही. बिनतारी हेडफोन या कामास चालत नाहीत: नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज एक-दोन दशांश सेकंद उशिरा पोहोचतो, आणि बोट आधी, स्वर मागाहून, असे झाले की ताल मोडतो. सोबतीला गाणे लावण्यासाठी ब्लूटूथ ठीक आहे. हेडफोनमुळे शेजारी सुखी होतो. कानाचे तसे नाही. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तास ही श्रवणाच्या सुरक्षिततेची प्रचलित मर्यादा आहे, आणि प्रत्येक तीन डेसिबेल वाढीमागे हा काळ निम्मा होतो. म्हणजे चौऱ्याण्णव डेसिबेलला एकच तास. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

विजेविषयी हयगय करू नये. परदेशातील नातेवाइकाने आणलेला विवर्धक अमेरिकन असेल तर १२० व्होल्टचा आणि जपानी असेल तर १०० व्होल्टचा असू शकतो; तो रोहित्राशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात लावताच जळतो. जुन्या घरांत तीन छिद्रांचा प्लग दिसतो, पण तिसऱ्या छिद्रामागे भूसंपर्काची तार असतेच असे नाही. वीजतंत्र्याकडून ती तपासून घ्यावी. पिना काढून टाकणे किंवा दोन पिनांचा जोड वापरणे हा 'हुं' असा घुमणारा आवाज घालवण्याचा उपाय नव्हे. तो आवाज बहुधा आपल्या पन्नास कंपनांच्या विजेचा किंवा ट्यूबलाइटच्या चोकचा असतो; गिटारचे तोंड जरा फिरवून बसले तरी तो कमी होतो. एकमेकांविरुद्ध जोडलेली दोन वेटोळी वापरून तो मारण्याची युक्ती गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये शोधली. विद्युत्घटांवर चालणाऱ्या लहान विवर्धकात प्लगाचे आणि भूसंपर्काचे प्रश्न उद्भवतच नाहीत, आणि वीज गेली तरी सराव चालू राहतो. रोलँडचा मायक्रो क्यूब सहा लहान सेलांवर चालतो. त्याच्या मूळ प्रकाराची शक्ती दोन वॉट होती, आणि तेवढी घरात उरतेच.

खरेदीस जाताना आपलीच गिटार न्यावी. दुकानातील भारी गिटारवर सगळेच विवर्धक गोड वाजतात. प्रथम आवाजाचे बटण शून्यावर ठेवून अगदी सावकाश फिरवावे. कित्येक विवर्धक पहिल्या खाचेपर्यंत मुके असतात आणि दुसऱ्या खाचेला एकदम ओरडतात. असा विवर्धक घरी रोज छळतो. दुकानदाराशी साध्या आवाजात बोलता येईल इतक्या पातळीवर ठेवून मग स्वच्छ नाद, फाटलेला नाद, जाड तार, बारीक तार हे सर्व वाजवून पाहावे, आणि दुकानदाराने स्वतः वाजवून दाखवण्याचा आग्रह धरला तर नम्रपणे नकार द्यावा. तो मोठ्याने वाजवतो. शेवटी तारांवर हात ठेवून ध्वनिक्षेपकाला कान लावावा. 'सूं' असा आवाज दुकानाच्या गलबल्यात लपतो, पण मध्यरात्रीच्या खोलीत तोच सर्वांत मोठा आवाज ठरतो. जुना विवर्धक घेत असाल तर प्रत्येक बटण फिरवावे. खरखर झाली तर ती धुळीने असते आणि स्वस्तात दुरुस्त होते, ध्वनिक्षेपकाचा पडदा फाटलेला असला तर मात्र किंमत पाडून घ्यावी. सुटे भाग लागल्यास बेंगळुरूकरांना सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजे एस. पी. रोड, ठाऊक असतोच.

घरी आणल्यावर विवर्धक जमिनीवर ठेवू नये. खुर्चीवर जाड घडीची चादर घालून, कानाच्या उंचीला, वादकाच्या दोन हात समोर ठेवावा. अंतर निम्मे केले की मोकळ्या हवेत सहा डेसिबेलचा लाभ होतो. खोलीत तो थोडा कमी असतो, पण तेवढे बटण खाली आणता येते. विवर्धकाची पाठ शेजाऱ्याच्या भिंतीला लावू नये आणि तोंड खिडकीकडे करू नये. कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे तोंड केलेले सर्वांत चांगले.